मदत हवी आहे: आजोबांची १९७१ ची नोकरी नक्की कुठे झाली, हे कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राहते, मूळ गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी. माझे आजोबा गेल्या वर्षी गेले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे आणि चुलतभावानं फ्लेक्स करायला टाकलाय. आबांच्या डोक्यामागे रणगाडा, शेजारी वाघ, खाली ठळक अक्षरात ‘जमालपूरचा ढाण्या वाघ’. म्हणून जरा घाई आहे.

आबांनी असलं काही वाचलं असतं तर हसले असते. नाहीतर चप्पल घालून मळ्याकडे निघून गेले असते.

घरात जे ठाऊक आहे ते एवढंच. १९६४ ला बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले, १९८२ ला पेन्शनीवर आले. पलटण पहिली, म्हणजे ‘जंगी पलटण’, असं वडील सांगतात. ही पलटण डिसेंबर १९७१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात जमालपूरला, म्हणजे आजच्या बांगलादेशात, होती हे पक्कं आहे. कर्नल ब्रार यांच्या हाताखाली तिनं ब्रह्मपुत्रा ओलांडून शहराच्या दक्षिणेला टांगाईलचा रस्ता अडवला. ब्रिगेडियर क्लेर यांनी शत्रूला शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, तर पाकिस्तानच्या बलुच पलटणीच्या सुलतान महमूदनं उलट चिठ्ठी पाठवली आणि सोबत बंदुकीची गोळी. १० च्या रात्री त्यांनी वेढा फोडून निघायचा प्रयत्न केला, तो फसला आणि ११ डिसेंबरला जमालपूर पडलं. आमचा चुलतभाऊ हे असं रंगवून सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, ती गोळी आबांच्याच हातात येऊन पडली!

आबा स्वतः यातलं अवाक्षर बोलले नाहीत. त्यांची फौज आम्हाला दिसली ती वेगळीच. गोठ्यापुढचे दगड ते दर दिवाळीला गेरू आणि चुन्यानं रंगवायचे, एक तांबडा, एक पांढरा. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री आम्हा सहा नातवंडांचे बूट सोप्यात ओळीनं मांडून पॉलिश करायचे. नाकं सगळी एका रेषेत हवीत. मी एकदा मुद्दाम माझा बूट बोटभर पुढे सरकवला होता. त्यांनी न बोलता पुन्हा मागे सारला.

लढाईची म्हणून एकच गोष्ट त्यांनी सांगितली, तीही बैलांची. नदीपलीकडे सामान न्यायला गावकऱ्यांच्या बैलगाड्या घेतल्या होत्या, आणि शेतकऱ्याचा पोरगा म्हणून आबांना एका गाडीवर बसवलं. “बैलास्नी मराठी कळंना आन् मला त्यांची बोली येईना. शेवटी शेपटी पिरगाळली. ती भाषा समद्या बैलांस्नी कळती.” एवढं सांगून पोटभर हसायचे.

आता अडचण. २०१९ च्या महापुरात त्यांची काळी ट्रंक कित्येक दिवस पाण्यात होती. डिस्चार्ज बुकाचा गोळा झालाय, शाई सगळी पसरलीय. आजी म्हणते, ते सुरुवातीला लांगरी होते, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात. हे ऐकून चुलतभाऊ दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. बिस्किटाच्या डब्यात तीन पदकं सापडली, एक ताऱ्यासारखं, दोन गोल. आजी ती चिंचेनं घासायला निघाली होती, कशीबशी थांबवली.

पदकांवरून काही कळतं का? नोकरीचा तपशील बेळगावातून मिळतो का, आणि अर्ज कुणी करायचा? मला आबांच्या फोटोखाली खरं तेवढंच लिहायचं आहे. मग ते ‘लांगरी’ असलं तरी चालेल.

सुभेदार_गडहिंग्लज:
ताई, चिंच लावू दिली नाही ते बरं केलं. गोल पदकाची कड भिंगाखाली धरा, उजेड बाजूनं पाडा. नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं दिसेल. तारा ‘पूर्वी स्टार’ निघाला तर आबा १९७१ ला पूर्व आघाडीवर होते हे ठरलं. ‘पश्चिमी स्टार’ असेल तर जमालपूर विसरा. नुसत्या ‘संग्राम मेडल’वरून काही ठरत नाही, ते आघाडीवर नसलेल्यांनाही मिळालंय. अर्ज बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अभिलेख कार्यालयाकडे, आजींच्या सहीनं करा. सोबत मृत्यूचा दाखला आणि पेन्शनच्या पीपीओची (पेन्शन पेमेंट ऑर्डरची) प्रत जोडा. पीपीओवर आर्मी नंबर असतोच. कोल्हापुरातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलात तर अर्ज नीट लिहून देतील.

आणि चुलतभावाला सांगा, लांगरीकडंही रायफल असते. पुढच्या खंदकात जेवण पोचवायला अंधारात तोच जातो.

पंचगंगा_घाट:
ट्रंकेतले कागद उन्हात वाळवू नका, गोळा ओढून सोडवूही नका. सावलीत, कोऱ्या टिपकागदात ठेवा. आमच्या सातबाऱ्याची वाट मी घाई करूनच लावली.

मूळ धागाकर्ती:
सुभेदारकाका, तुमचे पाय धरते. काल रात्री आजी, मी आणि तो चुलतभाऊ मोबाइलची बॅटरी आणि बाबांचं भिंग घेऊन बसलो. गोल पदकाच्या कडेवर सत्तावीसनं सुरू होणारा नंबर आहे, ‘सिपाही’ आहे आणि आबांचं नाव आहे, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलेलं. तारा ‘पूर्वी’च आहे. चुलतभावानं तो बराच वेळ तळहातावर धरून ठेवला, मग उठून फ्लेक्सवाल्याला फोन केला. रणगाडा काढायला सांगितला. वाघावर अजून अडून बसलाय.

अर्ज सोमवारी जाईल. तोवर फोटोखाली नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि ‘पूर्वी स्टार’ एवढंच. आजीचा हट्ट आहे की रणगाड्याच्या जागी बैलगाडी हवी, आणि मला ते पटलंय.

एक शेवटचं विचारते, हसू नका. बांगलादेशात बैल हाकताना तोंडानं काय म्हणतात, कुणाला ठाऊक आहे का?