खेकड्याच्या रश्शासोबत काय टाळायचं?

जुळेसोलापूरकरीण: रविवारी आमच्याकडे खेकड्याचा रस्सा नि कडक भाकरी. सासूबाई म्हणतात, त्या दिवशी दूध-दही नको, लिंबूही पिळायचं नाही, विषबाधा होते. मामंजी युरिक अ‍ॅसिडची गोळी घेतात, गुडघ्यांसाठी ग्लुकोसामाइनही. खरंच काय टाळू?

औषधवाला_सोलापूर: ताई, लिंबू बिनधास्त पिळा. कोळंबी आणि क-जीवनसत्त्व मिळून आर्सेनिकचं विष होतं, ही नुसती अफवा. दुधाचंही तसंच. काळजी मामंजींची करा. खेकडा-कोळंबीतल्या प्युरीनचं शरीरात युरिक अ‍ॅसिड होतं. वर बिअर घेतली की दुहेरी मार, कारण तिच्यातही प्युरीन, शिवाय दारूमुळे युरिक अ‍ॅसिड लघवीवाटे नीट बाहेर पडत नाही. युरिक अ‍ॅसिड वाढून पायाचा अंगठा लाल होऊन सुजला असेल तर त्यांना रस्साही वाढू नका. गोळी मात्र मनानं बंद करायची नाही. आणि ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा याच प्राण्यांच्या कवचापासून बनतं. घरात कुणाला खेकड्याची अ‍ॅलर्जी असेल तर त्यानं ती गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

भीमाकाठ: ज्याला पूर्वी खेकडा खाऊन गांधी उठल्यात किंवा ओठ सुजलेत, त्यानं खाऊच नये. अशा माणसानं जेवणाच्या आसपास अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा दारू घेतली तर अ‍ॅलर्जीचा झटका आणखी जोरात येऊ शकतो. श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. अजून एक, खेकडा जिवंत, नांग्या हलवणाराच घ्या. आपल्या उन्हाळ्यात मेलेला खेकडा लगेच खराब होतो.

जुळेसोलापूरकरीण: आभार दादा. मामंजींना रविवारी शेंगाचटणी, दही आणि भाकरी.