मदत हवी आहे : भावाचं सप्लाय जहाज नकाशावरून दिसेनासं होतं, माहितीही जुळत नाही

नमस्कार. माझा धाकटा भाऊ समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या जहाजावर डेक कॅडेट म्हणून नुकताच रुजू झालाय. बंदर सोडल्यावर काही तास जहाजं दाखवणाऱ्या ऑनलाइन नकाशावरचा ठिपका नीट सरकतो, मग एका जागी थांबतो आणि सिग्नल आदल्या दिवशीचा दाखवतो. आईचा जीव टांगणीला लागतो. प्लॅटफॉर्मजवळ त्याचा फोनही लागत नाही.

शिवाय नावाने शोधलं की दोन जहाजं येतात. एक पीएसव्ही (प्लॅटफॉर्म सप्लाय व्हेसल), दुसरं एएचटीएस (अँकर हँडलिंग टग सप्लाय). लांबी वेगळी, आणि बोलार्ड पुल एकाचाच दिलाय. त्याचं जहाज कुठलं हे कसं ओळखायचं? आणि 'डीपी-२' म्हणजे काय? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
आईंना आधी सांगा, ठिपका थांबला म्हणजे जहाजाला काही झालं असं नाही. एआयएसचा, म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेचा, सिग्नल व्हीएचएफ रेडिओवरून जातो, त्यामुळे त्याचा पल्ला जेमतेम क्षितिजापर्यंतचा. किनाऱ्यावरचा अँटेना उंचावर असेल तर साधारण ४० सागरी मैल. त्यापुढे उपग्रहच लागतो, आणि ती माहिती बहुतेक ठिकाणी पैसे भरल्याशिवाय दिसत नाही. जहाज मात्र सिग्नल पाठवतच असतं : चालताना दर २ ते १० सेकंदांनी, नांगरावर दर ३ मिनिटांनी.

प्रतिसाद २
नावाने शोधू नका. मालक बदलला की नाव बदलतं, झेंडा (नोंदणीचा देश) बदलला की ९ अंकी एमएमएसआय, म्हणजे रेडिओसाठीचा ओळख क्रमांकही बदलतो. जहाजाचा स्वतःचा ७ अंकी आयएमओ क्रमांक मात्र ते भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. भावाच्या करारावर तो बहुधा असेलच. क्रमांक नीट उतरवलाय का तेही तपासता येतं : पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज करा, बेरजेचा शेवटचा अंक सातव्या अंकाशी जुळायला हवा. ९०७४७२९ ची बेरीज १३९ येते, म्हणजे बरोबर.

मग तो क्रमांक इक्वासिस या जहाजांच्या माहितीच्या वेबसाइटवर टाका. नोंदणी करावी लागते, पण फुकट आहे. मालक, क्लास सोसायटी (जहाज तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था), तपासण्या, सगळं मिळतं. लांबी-रुंदीसाठी क्लास सोसायटीचं रजिस्टर धरा, कारण एआयएसमधले आकडे हाताने भरलेले असतात आणि चुकतात.

बोलार्ड पुल म्हणजे ओढण्याची ताकद. एएचटीएस रिग (तेलविहीर खोदणारा तराफा) ओढतं, तिचे नांगर हलवतं, म्हणून तिथे तो आकडा महत्त्वाचा. पीएसव्हीचं काम माल वाहण्याचं : डेकवर पाइप, खाली टाक्यांत सिमेंट, मड (विहीर खोदताना लागणारा चिखलासारखा द्रव), डिझेल, पाणी. तिथे डेकचं क्षेत्रफळ आणि डेडवेट (एकूण वजन वाहण्याची क्षमता) बघा.

डीपी म्हणजे संगणकाने थ्रस्टर (जहाजाला हव्या त्या दिशेने ढकलणारे पंखे) चालवून जहाज एका जागी धरून ठेवणं. डीपी-२ मध्ये एखादा जनरेटर किंवा थ्रस्टर बंद पडला तरी जागा सुटत नाही. प्लॅटफॉर्मच्या क्रेनखाली उभं राहणाऱ्या जहाजाला हे फार मोलाचं आहे.

धागाकर्ती
मनापासून आभार! करारावर क्रमांक सापडला, बेरीजही जुळली. जहाज पीएसव्ही आहे, डीपी-२ सह. एकच राहिलं : नकाशावर 'ड्राफ्ट' (जहाज पाण्यात किती खोल बुडालंय तो आकडा) कधीकधी आठवडाभर तोच दिसतो. माल उतरवल्यावर तो कमी व्हायला नको का?

प्रतिसाद २
व्हायला हवा, पण तो आकडा आणि पुढचं बंदर दोन्ही जहाजावरचे अधिकारी स्वतः टाइप करतात. कामाच्या गडबडीत राहून जातं. जागा आणि वेग जीपीएसवरून आपोआप जातात, त्यावर जास्त भरवसा ठेवा.