मोरॅटोरियममध्ये व्याज माफ करायला हवं होतं का?

हिशेबवही:
टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला कर्जाचे तीन हप्ते पुढे ढकलायची मुभा, म्हणजेच मोरॅटोरियम, दिली आणि २२ मेला ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. लोक चिडले ते रास्तच होतं. हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही. ३० लाखांचं, २० वर्षांचं, ८ टक्क्यांचं नवं गृहकर्ज घ्या. हप्ता २५,०९३. सहा महिने काहीच भरलं नाही तर व्याज मुद्दलात चढून बाकी ३१,२२,०१८ होते. हप्ता तोच ठेवला तर २४० ऐवजी २६६ हप्ते भरूनही थोडी बाकी उरते. दीड लाख पुढे ढकलले म्हणून साडेसहा लाख जास्त! पगार बंद झालेल्या माणसाला हा दिलासा म्हणायचा?

ठेवीदार:
गणित बरोबर आहे, पण उदाहरण सगळ्यात वाईट निवडलंत. याच कर्जाची शेवटची पाच वर्षं उरली असतील तर बाकी सुमारे १२.३७ लाख असते आणि फक्त तीन हप्ते वाढतात. नव्या कर्जात पहिल्या २५,०९३ मध्ये २०,००० व्याजच असतं, म्हणून फटका मोठा. तिथेही मुदत तीच ठेवून हप्ता २६,११४ केला तर जादा भरणा अडीच लाखांच्या आत राहतो. आणि व्याज माफ करायचं तर कुणाच्या पैशातून? ठेवीवरचं व्याज बँकेला त्या सहा महिन्यांतही द्यावंच लागलं. मार्च ते मे रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ५.१५ वरून ४ टक्क्यांवर आला, त्यात ठेवींचे दर आधीच घसरले होते. ठेवीच्या व्याजावर घर चालवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा विचार कोण करणार?

शाखा_काउंटर:
दोघांच्या वादात खरा घोळ राहून गेला. बऱ्याच सरकारी बँकांनी मोरॅटोरियम गृहीतच धरला, नको असेल तर कळवायचं होतं. खासगी बँकांत उलट, हवा असेल तर अर्ज. ज्याला गरज नव्हती त्याचा हप्ता थांबला, ज्याला होती त्याचा अर्ज पोचेपर्यंत एनएसीएचची, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापणाऱ्या यंत्रणेची, फाइल पुढे गेलेली. खात्यात शिल्लक नसली की हप्ता परत, वर दंड.
सगळ्यात वाईट क्रेडिट कार्डाचं. महिना साडेतीन टक्क्यांनी ५०,००० चे सहा महिन्यांत ६१,४६३ होतात, शिवाय व्याजावर १८ टक्के जीएसटी. गृहकर्ज आणि कार्ड एकाच सवलतीत बसवणं हीच मोठी चूक. आणि पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या त्या परिपत्रकात नव्हत्याच, त्या राज्याच्या सहकार कायद्याखाली येतात. आपल्याकडे छोट्या दुकानदारांची किती कर्जं तिथेच असतात!

हिशेबवही:
@ठेवीदार, जुन्या कर्जाचं मान्य. ठेवीदारावर बोजा टाका असं मी म्हणतच नाही, तो सरकारने उचलायला हवा होता. सरकारने उचललं काय? २ कोटींपर्यंतच्या कर्जांवर चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक, ५ नोव्हेंबरपर्यंत खात्यात. वरच्या उदाहरणात ते होतात २,०१८ रुपये. सरळ व्याजाचे १,२०,००० कर्जदाराच्याच डोक्यावर. तोही फरक हप्ते नियमित भरणाऱ्यांनाही दिला, म्हणजे गरजूंसाठीचा पैसा पातळ झाला.

ठेवीदार:
नियमित भरणाऱ्याला वगळलं असतं तर पुढच्या वेळी कोण भरेल? सर्वोच्च न्यायालयानेही २३ मार्च २०२१ ला हेच धरलं: व्याजावर व्याज कुणाकडूनच नको, पण पूर्ण व्याजमाफी नाही. मोरॅटोरियम नसता तर तीन हप्ते थकताच खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलेलं, आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा पतगुणांक, खराब. ते वाचलं, हे विसरू नका.

लघुउद्योग:
एनपीए टळलं, पण कारखाना चालायला खेळतं भांडवल लागतं. मे २०२० च्या, सरकारने कर्जाची हमी घेतलेल्या योजनेत २९ फेब्रुवारीच्या बाकीच्या २० टक्के कर्ज मिळालं, बँकेचा दर कमाल ९.२५, मुदत चार वर्षं, पहिलं वर्ष फक्त व्याज. ४० लाख बाकी असलेल्याला ८ लाख. स्वतःच्या पैशावर जॉबवर्क करणाऱ्याची बाकी शून्य, म्हणून त्याला शून्य. कर्ज न काढता धंदा सांभाळला, त्यालाच या योजनेत जागा नव्हती. व्याजावर सगळे भांडले, याच्या बाजूने कुणी बोललंच नाही.