हा तरोटाच, कासविंदा नाही

नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या भिंतीलगतच्या पिवळ्या फुलाच्या झुडपाचा फोटो बघून काहींना ते कासविंदा वाटलं, पण फोटोतल्या पर्णिका, म्हणजे एका देठावरची छोटी पानं, मोजा. प्रत्येक देठावर पर्णिकांच्या तीनच जोड्या, टोक गोल. म्हणजे हा आपला तरोटा, कोकणातल्यांचा टाकळा. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार, जोड्याही बहुधा चार-पाच. अंधार पडल्यावर तरोट्याची पानं मिटतात, पण नुसत्या त्यावरून ओळख पक्की होत नाही.

ही पारख महत्त्वाची आहे बरं का. कासविंद्याच्या बिया विषारी; पश्चिम उत्तर प्रदेशात त्या खाऊन लहान मुलं दगावल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय.

भाजीसाठी मात्र आता उशीर झाला. फुलं आली की पानं जून होतात, वासही उग्र. पहिल्या पावसानंतर टीचभर रोप असताना शेंडे खुडायचे. आमची आजी भिजवलेली चण्याची डाळ, भरपूर लसूण आणि सुक्या लाल मिरच्या घालून करायची, पाणी अजिबात नाही. किंचित कडवट लागते, पण ज्वारीच्या भाकरीसोबत दुसरं काही नको. पोरं नाक मुरडतात, मुरडू द्या.

संस्कृतात याला चक्रमर्द म्हणतात, म्हणजे गजकर्णाच्या चकत्या घालवणारा. त्यासाठी बिया आंबट ताकात वाटून लावायची जुनी रीत आहे. आजोबा त्याच बिया भाजून, कुटून कॉफीसारखं काढायचे. मला ते जळक्या चण्यासारखं लागलं!