पहिल्या महिन्यात आपत्तीग्रस्त गावात पीटीएसडीची सर्वेक्षणं नकोत

(कातळकडा, सावळी आणि माळरान या तिघांची चर्चा)

कातळकडा: दरड कोसळली, भूकंप झाला की आठवड्याभरात निवारा छावणीत प्रश्नावल्या घेऊन पथकं येतात. हे थांबायला हवं. पीटीएसडी म्हणजे मोठ्या आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार; त्याचं निदान लक्षणं महिनाभर टिकल्याशिवाय होतच नाही. नेहमी वापरली जाणारी आयईएस-आर प्रश्नावली घ्या: 22 प्रश्न, 0 ते 4 गुण, सगळे मागच्या सात दिवसांबद्दल. ताडपत्रीखाली, भूकंपाचे धक्के चालू असताना ‘झोप नीट लागली का?’ विचारलं तर उत्तर काय येणार?

आकडेमोडही बघा. समजा 200 जणांपैकी 20 जणांना खरंच आजार आहे आणि चाचणी आजारी आणि निरोगी, दोघांनाही 80 टक्के वेळा बरोबर ओळखते. ती 16 जणांना बरोबर पकडेल आणि 36 निरोगी माणसांवर शिक्का मारेल.

‘सगळं बोलून टाका’ छापाची एकदाच होणारी सत्रं तर त्याहून वाईट. भाजलेल्या रुग्णांवरच्या 1997च्या ब्रिटिश अभ्यासात तेरा महिन्यांनी अशी सत्रं मिळालेल्यांपैकी 26 टक्क्यांना पीटीएसडी होता, न मिळालेल्यांपैकी 9 टक्क्यांना.

सावळी: या अभ्यासाचा दाखला अर्धवट दिलाय. सत्र मिळालेल्या गटातले लोक मुळातच जास्त भाजलेले होते. शिवाय सत्रं एकेकट्याची किंवा जोडप्याची होती, गावकऱ्यांच्या गटाची नव्हे. सत्रं बंद करा, मान्य. पण ‘महिनाभर थांबा’ याचा छावणीत अर्थ होतो ‘कुणी फिरकू नका’.

पहिल्या आठवड्यात खरा घात होतो तो आधीपासूनच्या रुग्णांचा. घराबरोबर गोळ्याही गाडल्या जातात. फेफऱ्याचं औषध व्हॅल्प्रोएट अचानक तुटलं की झटके परततात. रोज पिणाऱ्याची दारू तुटली की दोन-तीन दिवसांत हात कापणं, घाम, भास सुरू होतात आणि वेळेत थायामिन (ब-1 जीवनसत्त्व) व उपचार मिळाले नाहीत तर जिवावर बेततं. छावणीत त्याला ‘धक्का बसलाय’ म्हणून कोपऱ्यात झोपवतात.

कातळकडा: ही नोंद हवीच, पण ती पीटीएसडीची चाचणी नव्हे. आशाताई तंबूतंबूत चार गोष्टी विचारू शकते: कुठली गोळी चालू होती, किती दिवसांची उरलीय, रात्री सोबत कोण असतं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. आणि झोपेसाठी सरसकट डायझेपामसारख्या गुंगीच्या गोळ्या वाटू नका. ताज्या आघातात आणि दुःखात त्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013च्या सूचनांत स्पष्ट आहे.

माळरान: मला दोघांच्याही मांडणीत एक धोका दिसतो. ‘थांबा’ म्हटलं की त्यामागून ‘बहुतेक माणसं आपोआप सावरतात’ हे वाक्य येतं. मानसशास्त्रज्ञ बोनानो यांच्या 2004च्या लेखापासून सगळीकडे गेलेलं हे वाक्य सरकारी फाइलीत शिरलं की समुपदेशकाचं पद आधी कापलं जातं. माणसं हवेत सावरत नाहीत, शेजाराच्या आधाराने सावरतात.

किल्लारी बघा. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली. घर जमिनीच्या मालकीवर ठरलं: 250, 400 किंवा 750 चौरस फूट. काही गावांत एकेका आकाराची घरं एकत्र बांधली, त्यामुळे भावकी आणि जुना शेजार पांगला. जुन्या गल्लीत भिंतीला भिंत होती, ओट्यावरून हाक मारली की ऐकू जायची. नव्या आखणीत रुंद रस्ते, प्लॉटला प्लॉट. नवरा गमावलेल्या बाईच्या दाराशी संध्याकाळी येऊन बसणारं माणूसच त्या आखणीने लांब नेलं. म्हणून मी म्हणतो, मानसिक आरोग्याच्या माणसाची पहिली जागा पुनर्वसनाच्या नकाशावर बसणाऱ्या इंजिनिअरशेजारी आहे.

सावळी: नकाशाचं पूर्ण पटलं. तरीही तीन महिन्यांनी पाहणी बंधनकारक हवी, कारण आखणी चांगली असूनही काहींना उपचार लागतातच. आणि ती छावणीच्या हजेरीवर करू नका. भूकंपाच्या आदल्या दिवशी गावात जी घरं होती, त्यांची यादी हातात घ्या. ऊसतोडीला गेलेले, माहेरी पाठवलेल्या विधवा, मामाकडे ठेवलेली मुलं छावणीत सापडत नाहीत. त्यांना गाठून विचारलं नाही, तर ‘गाव सावरलं’ हा निष्कर्ष फक्त गावात उरलेल्यांचा असेल.

कातळकडा: यादीचं मान्य. दुसरी फेरी पहिल्याच आशाताईने करावी, नवीन पथकाने नव्हे. आणि तालुक्याला आठवड्यातून एक दिवस मानसोपचारतज्ज्ञ बसेल हे ठरल्याशिवाय पाहणी सुरूच करू नये. ज्याच्या पुढे उपचार नाहीत, ते प्रश्न विचारायचे कशाला?