रजिस्टर मृत्युपत्र म्हणजे निकाल नव्हे
ताई, वडिलांनी तासगावची द्राक्षबाग भावांच्या नावे केली आणि मृत्युपत्र रजिस्टर आहे म्हणून तुम्ही गप्प बसायचं, हे मला अजिबात पटलं नाही. वाद कोर्टात गेला तर साक्षीदार उभा करून ते शाबीत करावंच लागतं.

पण त्याआधी जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीत नावं बदलल्याच्या नोंदी, काढा. बाग एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित असेल, तर वडील फक्त स्वतःच्या हिश्श्याचं मृत्युपत्र करू शकतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून मुलगीही जन्मानेच सहहिस्सेदार आहे. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ते पक्कं केलंय. जमीन स्वकष्टार्जित असेल तर मात्र त्यांची मर्जी चालते, ते कडू वाटलं तरी मान्य करावं लागेल.

भावांची नावं लावण्याच्या फेरफाराबद्दल तलाठ्याची नोटीस आली की मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या. फेरफार मंजूर झाला तरी खचू नका, त्याने मालकी ठरत नाही.

आणि हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याचा कागद! भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर, साडीसोबत कागद पुढे सरकवून घेतलेल्या सह्या आमच्या सांगलीकडे मी पाहिल्यात. माहेर तुटेल या धाकाने सही करू नका. एकदा नोंदवलेलं हक्कसोडपत्र भावाने मानलं नाही, तर रद्द करायला दिवाणी दावाच लावावा लागतो.