कलाकाराच्या नावाआधी ‘तृतीयपंथी’ कशाला?

सड्यावरचा (कुडाळ): परवा आमच्या ग्रुपची एकांकिका झाली. त्यात आईचा रोल करणारी मुलगी ट्रान्स आहे, काम एक नंबर केलं तिने, आणि निवेदकाने काय जाहीर केलं तर ‘आता येतेय आपल्या जिल्ह्याची तृतीयपंथी कलाकार, टाळ्या झाल्याच पाहिजेत!’ प्रयोग संपल्यावर विंगेत बसून केसांतल्या पिना काढत होती, म्हणाली, बाकीच्यांची नुसती नावं घेतली रे, माझंच असं का?

मालवणी खाजा: लेबल लागला म्हणान तरी लोक बघूक इले ना? नायतर कुडाळात एकांकिका बघूक कोण येता? फुकटची जाहिरात झाली, रडताय कशाक.

सड्यावरचा: अरे लोक तिला बघायला आले, आईला नाही. फरक आहे.

वेंगुर्ल्याची ताई: मला हे पटत नाही पूर्ण. दशावतारी नाटकात नटांना राजपार्टी, खलपार्टी, बाईचं काम करणाऱ्या पुरुषाला स्त्रीपार्टी अशी लेबलंच असतात की, कोणाला राग येतो?

रातराजा: ताई, ती कामाची नावं आहेत, जन्माची नाहीत. आमचा स्त्रीपार्टी रात्रभर त्या एका बाकड्यावर बसून द्रौपदी करतो, सकाळी मिशी ठेवलेला शेजारी असतो, ‘पुरुष द्रौपदी’ म्हणून कोणी पुकारत नाही. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. आणि आपण मालवणी पण भोगलंय हे, 1980 ला ‘वस्त्रहरण’ नाटक आलं, मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली मुंबईच्या थिएटरात नेली, तरी पुढे किती वर्षं मालवणी बोलणारा म्हटलं की हसवायलाच उभा करायचे.

वेंगुर्ल्याची ताई: हे मान्य. पण ओळख लपवली तर पुढच्या पोरीला कसं कळणार की इथे जागा आहे? 2014 ला सुप्रीम कोर्टाने ट्रान्स लोकांना स्वतःची ओळख स्वतः सांगायचा हक्क दिला तो लपण्यासाठी नाही.

सड्यावरचा: लपवायचं कोण म्हणतंय, सांगायचं तर ती सांगेल ना, निवेदक कोण?

मालवणी खाजा: तृतीयपंथीयांच्या हक्कांचो 2019 चो कायदो आसा की, नोकरीत भेदभाव नको म्हणान.

रातराजा: बाबा, नाटकात नोकरी कसली, नाईट मिळते, म्हणजे प्रयोगामागे पैसे. ती पण मिळाली तर.

सड्यावरचा: पुढच्या एकांकिकेत तिला पोस्टमास्तरीणबाईंचा रोल हवाय, दिग्दर्शक म्हणतो प्रेक्षक हसतील, त्यापेक्षा किन्नराचा एक सीन घालतो तुझ्यासाठी. वाचन रविवारी चारला आहे, खाज्या तू पण ये, बघ ती पोस्टमास्तरीण कशी वाचते ते.

मालवणी खाजा: येतंय. पण हसू इला तर हसतलंय हां.